सुमन लिहीत आहे

(कंधार. बस स्टँडमागच्या गल्लीत भागवतचं पत्रिका छापायचं दुकान. दुपारचे बारा. कॉम्प्युटरसमोर पुण्याहून आलेला सुगत, शेजारी त्याचा शाळेपासूनचा मित्र भागवत, मागे सुगतचे वडील साहेबराव. सुगतची आई जाऊन आज पाचवा दिवस.)

साहेबराव : पुन्यांदा वाच. पहिल्यापासून.

भागवत : काका, उभ्यानं कशाला? ते स्टूल घ्या ना.

साहेबराव : घेतलं. वाच रे.

सुगत : "कै. सुमनबाई साहेबराव गजभारे यांचे हृदयविकाराच्या तीव्र झटक्याने..."

साहेबराव : थांब. नावाच्या आदी काय म्हनलास?

सुगत : कै.

साहेबराव : म्हंजी?

सुगत : कैलासवासी.

साहेबराव : तुझी आय कैलासाला गेली का?

सुगत : नाही बाबा. चुकून आलंय ते. खोडतो.

साहेबराव : खोडशील. आदी सारं वाच.

सुगत : "...दुःखद निधन झाले. त्या अत्यंत सोशिक, मनमिळाऊ व धार्मिक वृत्तीच्या होत्या. ईश्वर त्यांच्या मृतात्म्यास शांती देवो. शोकाकुल, समस्त गजभारे परिवार."

साहेबराव : सोशिक.

भागवत : काका, गलती माझी हाय. मी बघायला पायजे होतं. दुकान माझं, साचा माझा...

साहेबराव : तू कशाला मधी पडतोस? खुर्चीत तो बसलाय. बटन त्यानं दाबलं. माझ्या समोर दाबलं. मला म्हनला, दोन मिन्टात होतंय बाबा, चारच्या गाडीनं जळकोटला महामायाताईकडं कागद जातील. दोन मिन्टात झालं खरं. पर हे कुनाचं झालं? ईश्वर म्हनं. आत्मा म्हनं. ह्यातलं नाव सोडलं तर एक अक्षर तिचं न्हाई.

सुगत : मी हातानंच लिहायला बसलो होतो बाबा. काल तीनदा बसलो. "आमची आई" एवढं लिहायचो आणि पुढं हात चालायचा नाही. शेवटी वाटलं, एफ नाइन दाबू. काहीतरी मजकूर समोर आला की त्यात बदल करता येईल.

साहेबराव : हे एफ नाइन काय प्रकार हाय?

सुगत : हे बघा. हे नुसतं लिहायचं पान आहे. एडिटर म्हणतात. ही उभी काडी लुकलुकतेय ना, तो कर्सर. आपण लिहू ते तिथं उमटतं. वर मी फक्त नाव, वय, तारीख आणि कशानं गेली ते लिहिलं. मग हे एफ नाइनचं बटण दाबलं की एक स्क्रिप्ट चालते. स्क्रिप्ट म्हणजे काय काय करायचं त्याची यादी. ती वरच्या ओळी उचलते, एआयला पाठवते, आणि तिकडून तयार होऊन आलेला मजकूर ह्या काडीपाशी आणून ठेवते.

साहेबराव : म्हंजी मानूस गेलं कुनाचं, अन् लिहितंय कुनी तिसरंच.

भागवत : काका, लग्नसराईत एका दिवसाला चाळीस-चाळीस पत्रिका राहतात. मी एकटा टाइप करून करून मरून राहिलो होतो. दोन वर्षं झाली, ह्यानंच सुट्टीत येऊन बसवून दिलं मला.

सुगत : भागवत.

साहेबराव : दोन वर्षं.

भागवत : म्हंजे, तसं न्हाई काका...

साहेबराव : दोन वर्षं झाली, वस्तीतल्या धम्मानंदचा बाप वारला. त्याच्या पुण्यानुमोदनाचा कागद आला घरी. वर "कै." छापलेलं. तुझी आय चूल सोडून उठली. शेजारच्या पोरीच्या दप्तरातला निळा पेन काढला, "कै." वर काट मारली, वर लिहिलं, कालकथित. अन् तसाच कागद पिशवीत घालून हितं आली. आली व्हती का न्हाई, भागवत?

भागवत : आल्या होत्या.

साहेबराव : काय म्हनली?

भागवत : लई बोलल्या मला. म्हनल्या, तू आमच्या सुगतच्या ताटात जेवलेला पोरगा. तुला आमच्या घरात देवाचा फोटो कवा दिसला का? मग आमच्या मान्साला कैलासात कसा काय धाडतोस?

सुगत : मग तू काय सांगितलंस तिला?

भागवत : सांगितलं, माझ्या हातून चुकलं मावशी.

सुगत : तुझ्या हातून?

भागवत : आता ते जाऊ दे ना.

सुगत : नाही, थांब. मला स्क्रिप्ट उघडू दे.

भागवत : कशाला उघडून राहिलास? खोड ना ते अक्षर. काकांना गाडी गाठायची हाय.

साहेबराव : गाडी जाऊ दे. उघड.

सुगत : ही बघा बाबा. ही सगळी यादी. माझ्याच हातची. इथं मी त्याला समजावलंय, कसं लिहायचं ते. "श्रद्धांजलीचा मजकूर असल्यास..." थांबा.

साहेबराव : वाच की.

सुगत : "नावाआधी कै. लावणे बंधनकारक. विसरू नये. शेवटी ईश्वर व मृतात्म्यास शांती हे वाक्य घ्यावे." खाली माझं नाव. तारीख.

साहेबराव : तू लिहिलंस.

सुगत : भागवतचा फोन आला होता. म्हणाला, कधी कै. येतं, कधी येत नाही, गिऱ्हाईक वैतागतं. मी ऑफिसच्या कामात होतो. पुण्यातून दोन मिनिटांत ही ओळ घातली आणि पाठवून दिली. विचारच केला नाही बाबा. नमुना म्हणून भागवतच्या जुन्या दोनशे पत्रिका घेतल्या होत्या. त्यात सगळीकडं कै. होतं. मला वाटलं, मराठीत असंच लिहितात.

साहेबराव : मराठीत.

सुगत : हो.

साहेबराव : अन् आपुन काय बोलतो रे घरात? माझा बाप छप्पन साली मुदखेडला गाडीत बसून नागपूरला गेला. मी वर्षाचा व्हतो. आल्यावर त्यानं घरातलं जुनं सारं भाईर काढलं. देव काढले, गंडे काढले, अन् बोलन्यातले शब्दबी काढले. मानूस मेलं तर काय म्हनायचं, लेकराचं नाव काय ठिवायचं, सारं नव्यानं शिकले ते लोक. अंगठाबहाद्दर व्हते, पर शिकले. तुझ्या एका ओळीनं ते सारं परत घरात आलं. चूक भागवतच्या दुकानाची असती तर मला एवढं लागलं नसतं.

भागवत : काका, त्यानं जाणूनबुजून न्हाई केलं.

साहेबराव : मालूम हाय. जाणून केलं असतं तर भांडता आलं असतं. ह्याला तर याद बी न्हाई.

सुगत : बाबा, तुम्ही बोला मला. काय बोलायचं ते बोला.

साहेबराव : मी काय बोलू? मीबी त्यातलाच. तुझं नाव शाळेत घालायचं व्हतं तवा मास्तरनं सखाराम लिहिलं. म्हनला, सुगत असलं नाव असतं का कुठं? मी त्याच शाळेत शिपाई. मी म्हनलं, लिहू द्या, सायबाशी कशाला हुज्जत. तुझी आय तीन दिस शाळेच्या पायरीवर येऊन बसली. नाव खोडून सुगत लिहिस्तोवर उठली न्हाई. तवा तिला वाचता येत नव्हतं. मास्तरनं खरंच सुगत लिहिलं का दुसरंच कायबाय, ते तिनं रस्त्यानं जाणाऱ्या दोघा-तिघांना रजिस्टर दाखवून इचारून घेतलं. अन् त्याच साली प्रौढांच्या वर्गाला जाऊ लागली. म्हनायची, आपल्याबद्दल कोन काय लिहितंय ते आपल्याला वाचता आलं पायजे.

सुगत : मला हे माहीत नव्हतं.

साहेबराव : तू इचारलं नव्हतंस. अन् ती सोशिक म्हनं.

सुगत : आणि ती गेली तेव्हा तिला वाटत होतं की हे भागवत करतो. तू का नाही सांगितलंस रे तिला? माझं नाव का नाही घेतलंस?

भागवत : घ्यावं लागलं.

सुगत : म्हणजे?

भागवत : त्यांना ठावं होतं, सुगत.

सुगत : काय ठाऊक होतं?

भागवत : धम्मानंदच्या कागदानंतर पंधरा-वीस दिवसांनी पुन्हा आल्या. वस्तीतलंच कुणीतरी गेलं होतं. मला म्हनल्या, आता माझ्यासमोर छाप, मी बघते. काका, तुम्ही बसलात ना, त्याच स्टुलावर बसल्या. मी एफ नाइन दाबलं. मजकूर यायला पाच-सात सेकंद लागतात. तेवढ्या वेळात स्क्रीनच्या तळाला एक ओळ येती, तू घातलेली. ती त्यांनी वाचली. एक एक अक्षर लावून वाचली.

साहेबराव : कंची ओळ?

भागवत : ह्यालाच इचारा.

सुगत : मी स्क्रिप्टला तिचं नाव दिलं होतं बाबा. मजकूर तयार होत असला की खाली दिसतं, "सुमन लिहीत आहे". तिला लिहिता यायला लागलं त्याचं तिला किती अप्रूप होतं. म्हणून दिलं होतं. तिला सांगायचं होतं एकदा. राहून गेलं.

भागवत : मावशी म्हनल्या, हे माझं नाव हितं कसं? मी म्हनलं, असंल दुसऱ्या कुनाचं. म्हनल्या, भागवत, खोटं बोलू नको, हे माझ्या पोराचं काम हाय. मग मला सांगावं लागलं.

सुगत : रागावली?

भागवत : न्हाई. म्हनल्या, नाव माझं ठिवलं, अन् काय लिहायचं ते तेवढं मला इचारलं न्हाई.

सुगत : मला लगेच फोन का नाही केलास?

भागवत : मी म्हनलं, आत्ता फोन लावतो त्याला. तर माझा हात धरला. म्हनल्या, फोनवर नको. तिकडं कामात राहतो, जिवाला लावून घेईल. घरी आला की मीच सांगन.

सुगत : दिवाळीला आलो होतो. दोन दिवस.

साहेबराव : दोन दिस तुझ्या मांडीवर ते लॅपटॉप व्हतं. ती दोनदा तुझ्यापाशी येऊन बसली. मी बघितलं. मला वाटलं, लग्नाचं काढायचं असंल.

सुगत : मला वाटलं, चहा घेणार का विचारायला आली.

भागवत : त्यानंतर वस्तीतला कागद असला की त्या यायच्या. गाडीनं यायच्या, स्टुलावर बसायच्या. मी एफ नाइन दाबायचो. सुमन लिहायची अन् मावशी खोडायच्या.

साहेबराव : मला म्हनायची, बाजारला चालले.

भागवत : बाजारपण करायच्या. इथून गेल्यावर.

सुगत : तू ती कै. ची ओळच का नाही काढून टाकलीस?

भागवत : मला काय कळतंय त्यातलं? तूच म्हनला होतास, एक स्वल्पविराम इकडचा तिकडं झाला तरी सारं बंद पडंल. अन् तुला सांगायचं न्हाई म्हनून मावशीनं शब्द घेतलेला. मग चालू ठेवलं तसंच. आज तू खुर्चीत बसलास तवा मला बोलायचं होतं. पर तू बटन दाबून मोकळा झालास. अन् मावशी नव्हत्या ना बसलेल्या.

सुगत : ते खोडलेले कागद आहेत का कुठं?

भागवत : सारे हाईत. ह्या फायलीत ठेवलेत. टाकले न्हाईत. घे.

साहेबराव : दाखव इकडं. चष्मा... हां. हाव, तिचंच अक्षर हाय. अजून दोन रेघांच्या मधीच लिहिल्यागत लिहायची. कागदाला रेघा नसल्या तरी.

सुगत : "कै." वर काट. वर "कालकथीत". दीर्घ लिहिलंय.

भागवत : पहिल्या दोनला दीर्घ हाय. पुढं कुनाला तरी इचारून आल्या. तिसऱ्यापासून ऱ्हस्व हाय बघ.

सुगत : "ईश्वर... शांती देवो", हे सगळं काटलंय. बाजूला, "हे आपल्यात न्हाई." इथं "तेरवी" काटून "पुण्यानुमोदन". आणि हे काय? "सोशिक" वर काट मारून लिहिलंय, "ही कवाच सोशिक नव्हती. भांडायची. पर तिच्या दारातून कुनी उपाशी गेलं न्हाई."

भागवत : ते चंद्रभागाबाईचं. म्हनल्या, हेच छाप. मी म्हनलं, मावशी, भांडायची असं कसं छापू? मग अर्धा घंटा आमची वादावादी झाली. शेवटी पुढचं अर्धं छापलं.

साहेबराव : हे "लिंगैक्य" काय लिहिलंय?

भागवत : तो माणिकप्पाचा कागद. त्याची आई गेली तवा तो आला होता, अन् मावशी योगायोगानं बसलेल्या. मशीननं कै. टाकलं. मावशी मला म्हनल्या, त्यालाबी इचार ना. मी इचारलं. तर माणिकप्पा म्हनला, आमच्यात लिंगैक्य लावतात, पर इतकी वर्षं तू कै. छापतोस, मला कुनी इचारलंच न्हाई. मावशीनं त्याला पेन दिला. म्हनल्या, लिहून दे बाबा, मला त्यातलं येत न्हाई.

सुगत : मी बंद करतो हे. आत्ता काढून टाकतो सगळं.

भागवत : अरे, माझं दुकान...

सुगत : तुला दुसरं काहीतरी करून देईन. हे नको.

साहेबराव : बंद कशापायी?

सुगत : बाबा, हे ठेवून काय करू? तिच्या नावावर दोन वर्षं मी चुका लिहिल्यात.

साहेबराव : अन् दोन वर्षं ती दुरुस्त करून राहिली. कंधारला खेटे घालून. तिला बंद करायचं असतं तर ती शाळेच्या पायरीवर बसली तशी ह्याच्या दारात बसली असती. बसली न्हाई. पोरानं आपलं नाव दिलंय ते तिला ऱ्हाऊ द्यायचं व्हतं. तू काढलंस तर तिची दोन वर्षं फुकट गेली.

सुगत : मग काय करू? कै. च्या जागी कालकथित घालू?

साहेबराव : मग माणिकप्पाला कालकथित लागंल. भागवतच्या घरी कवा... कवातरी, त्यांनाबी कालकथितच लागंल. म्हंजी तुझी तीच खोड. तिनं काय केलं ते बघ की कागदावर. ती काय करायची, भागवत? आदी काय करायची?

भागवत : इचारायच्या. आलेल्याला जवळ बसवून इचारायच्या.

साहेबराव : तेवढंच घाल.

सुगत : ही ओळ काढली. आता इथं लिहितो. "नावाआधी काय लावायचे ते स्वतः ठरवू नये. घरच्या माणसाला विचारावे. उत्तर मिळाल्याशिवाय पुढे लिहू नये. गेलेल्या माणसाचा स्वभावही विचारूनच लिहावा." आणि विचारल्यावर स्क्रिप्ट तिथंच थांबेल, असं करावं लागेल. दहा मिनिटं द्या.

भागवत : सगळ्यांनाच इचारायचं? लग्नसराईत?

साहेबराव : लगीन नंतर बघ. मेलेल्याला घाई नसती.

भागवत : चहा सांगू का काका?

साहेबराव : नको. बसतो हितंच.

सुगत : झालं. आता पुन्हा पहिल्यापासून करू. पान कोरं केलं. बाबा, ह्या वेळी तुम्ही सांगा. नाव काय लिहू?

साहेबराव : तुला ठावं हाय की.

सुगत : तुम्ही सांगा ना.

साहेबराव : मी कवा घेतलंय का तिचं नाव? पंचेचाळीस वर्षं "ऐकलं का" म्हनलं, तू झाल्यावर "सुगतची आय" म्हनलं. दवाखान्यात डॉक्टरीणबाईनं पेशंटचं नाव इचारलं तरी मी रेशनकार्ड पुढं केलं. तूच लिही.

सुगत : लिहिलं. वय चौसष्ट. तारीख लिहिली. पुण्यानुमोदन रविवारी, घरीच. आता भागवत, तू दाब. माझा हात नको.

भागवत : दाबलं. "सुमन लिहीत आहे"... थांबलं. काडी नुसती लुकलुकून राहिली. खाली कायतरी आलंय.

साहेबराव : काय आलंय? माझा चष्मा पुसायला झालाय. वाच.

भागवत : "सुमन विचारत आहे. नावाआधी काय लावू?"

सुगत : बाबा, उत्तर द्यायचं आहे. तुम्ही बोला, मी लिहितो.

साहेबराव : मी बोललो तर तिला कळंल?

सुगत : तुम्ही म्हणाल ते जसंच्या तसं लिहीन.

साहेबराव : लिही मग. कालकथित लाव, सुमन.